आजार वेगळा, हिशेब वेगळा

ताई, नमस्कार.

मी हवालदार म्हणून पेन्शनला आलो त्याला दीड वर्ष झालं. गाव खटाव तालुक्यात. पायदळात चोवीस वर्षं काढली, त्यात दोन वेळा राष्ट्रीय रायफल्समध्ये होतो, काश्मीरात कुपवाड्याकडं. तुमचं सदर बायको वाचते. तिनंच लिहा-लिहा म्हणून पिच्छा पुरवला.

मी आलो त्या दिवशी आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मिरवणूक ठेवली होती. आमच्याकडं आता तशी पद्धतच पडलीय. फाट्यावर फुलांनी सजवलेली जीप, हलगी, डीजे, चौकात माझा वर्दीतला बॅनर. मला नको होतं, पण आण्णांनी महिनाभर आधीच पाहुण्यांना फोन केलेले. जीप मारुतीच्या देवळापाशी आली आणि कुणीतरी चाकाजवळ हजार फटाक्यांची माळ लावली. पुढचं मला नीट आठवत नाही. बायको सांगते, मी मुलीला कवेत धरून खाली उडी टाकली आणि गटारीच्या कडेला तिच्यावर पालथा पडलो. तिची हनुवटी फुटली, टाके घालावे लागले. उठलो तो माळ लावणाऱ्या पोराच्या कानाखाली मारली. पोरगं सोळा-सतराचं, आण्णांच्या दोस्ताचा नातू. कुणी हसत होतं, कुणी मोबाईलवर काढत होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावानं ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी आण्णा त्यांच्या दारात जाऊन हात जोडून आले. मला म्हणाले, "चोवीस वर्षं जवानाचा बाप म्हणून ताठ फिरलो. तू एका दुपारी मान खाली घालायला लावलीस."

माझा पगार पहिल्यापासून आण्णांच्या हातात. त्यातून विहीर झाली, पाइपलाइन झाली, स्लॅबचं घर झालं, पाऊण एकर रान घेतलं. रान धाकट्याच्या नावावर. मी फक्त विचारलं, तर म्हणाले, "बापाकडं हिशेब मागतोस?" मी रात्री ओरडून उठतो हे सगळ्या घराला माहीत झालंय. आता मी रानाचं बोललो, पाण्याच्या पाळीचं बोललो, तरी उत्तर एकच, "ह्याचं डोकं फिरलंय, येरवड्याला नेऊन दाखवा." मीही गप्प बसत नाही. म्हणतो, मी बर्फात उभा होतो तेव्हा तुम्ही इथं गोधडीत होता. मग दोन-दोन आठवडे बोलणं बंद.

मी तालुक्याला एका बँकेत गनमन आहे. स्वतःची बारा बोअर बंदूक आहे, ती कपाटात असते. दोन पेग घेतल्याशिवाय डोळा लागत नाही, कँटीनची बाटली असतेच.

आण्णा आधी मुंबईला होते, लालबागच्या गिरणीत मागावर. मी संपाच्या वर्षीचा जन्म. संपानंतर ते गावी आले ते कायमचे. त्याबद्दल ते एक अक्षर बोलत नाहीत. गिरणीचा बिल्ला मात्र पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलाय.

आणखी एक. माझ्या पुढं चालणारा साथीदार गेला. मी त्याच्या मागं सात-आठ पावलांवर होतो. त्याच्या गावात त्याचा पुतळा आहे, दर वर्षी कार्यक्रम होतो, त्याच्या वडिलांना पुढं बसवतात. कधीकधी वाटतं, मी पुढं असतो तर बरं झालं असतं. आण्णांचाही मान राहिला असता.

चूक माझी की त्यांची, एवढं सांगा. आणि वेगळं निघावं का?

— एक माजी सैनिक, जि. सातारा

&nbsp;

भाऊ,

तुमच्या प्रश्नाकडं नंतर येते. आधी बंदूक.

रात्री बाटली लागते, बंदूक कपाटात असते, आणि मी पुढं असतो तर बरं झालं असतं असं वाटतं. ही तीन वाक्यं तुम्ही पत्रात सुटी-सुटी लिहिलीत. मी ती एकत्र वाचली. सैन्याच्या परिचारिका सेवेत माझी नोकरीची बरीच वर्षं मनोविकार वॉर्डात गेली. असं बोलणाऱ्या जवानाला आम्ही पहिला प्रश्न आडपडदा न ठेवता विचारायचो, "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारल्यानं तो विचार नव्यानं डोक्यात शिरत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखंच वाटतं. तुम्हालाही मी तेच विचारते आहे. उत्तर मला पाठवू नका, आज रात्री बायकोला द्या, खरं द्या.

आणि बारा बोअर आजच घराबाहेर काढा. शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडं रीतसर जमा करता येतं, पावती मिळते. तुमच्या गनमनच्या कामावर याचा परिणाम होईल, पुढं परवान्यावरही होऊ शकतो. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. त्या पगाराची घराला गरज असेल हेही मला कळतं. तरीही मी हेच सांगेन. पेन्शनची भीती मात्र मनातून काढून टाका. मनाच्या आजारावर औषध घेतलं म्हणून कुणाचं सेवेचं निवृत्तिवेतन बंद होत नाही. अवेळी मन फारच खाली गेलं तर १४४१६ लावा. ही टेली-मानसची सरकारी सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. सैन्यदलांसाठी तिचा खास कक्ष पुण्यात एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, २०२३ च्या डिसेंबरपासून आहे.

आता त्या माळेचं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण कुपवाड्याकडची राष्ट्रीय रायफल्स म्हटल्यावर रोड ओपनिंग आलंच. ताफा निघायच्या आधी पहाटे, कुठं स्फोटकं पेरलीत का ते बघत, रस्ता पायी तपासायचा. प्रत्येक मोरीखाली वाकून बघायचं, दगडांचा ढीग काल होता का ते आठवायचं, माती ताजी उकरलेली दिसली की थांबायचं. हे रोज, महिनोन् महिने. वॉर्डात आलेले जवान मला सांगायचे, "सिस्टर, गावाकडं सुट्टीवर गेलो तरी मोरी आली की पाय थबकतो." तुमचाही थबकत असणार. हॉटेलात तुम्ही भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून बसत असणार. रात्री उठून गोठ्याची कडी तपासत असणार. आवाज झाला की विचार करायचा नाही, आडवं व्हायचं आणि शेजारच्याला खाली ओढायचं, हे शरीर तिथं शिकलं आणि त्यामुळंच तुम्ही आज पत्र लिहायला आहात. शरीराला डिस्चार्जचा कागद कळत नाही. देवळापाशी माळ फुटली तेव्हा तुम्ही पळाला नाहीत, लेकीवर पालथे पडलात. तिला वाचवायला. लोक हसले, कारण त्यांना जीपवर फुलं घेत उभा असलेला माणूस दिसत होता आणि तुम्ही त्या क्षणी खटावात नव्हताच.

थप्पड मात्र चुकली. त्या पोरानं आनंदानं माळ लावली होती. आण्णांनी तिथं जाऊन हात जोडले, ते काम तुमचं होतं. अजून वेळ गेलेली नाही. एकटे जा, आजोबांकडं नको, त्या पोराकडंच जा. "आवाजानं माझं असं होतं, तुझा दोष नव्हता," एवढं सांगा. सोळा-सतराच्या मुलाला एवढं कळतं. उद्या तोच गावातल्या बाकीच्या पोरांना सांगेल की फौजीच्या दारासमोर सुतळी बॉम्ब लावायचा नाही. दिवाळीत त्याचा तुम्हाला उपयोग होईल.

तुम्हाला जे होतंय त्याला वैद्यकात नाव आहे, पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागं राहणारा मनाचा आजार. निदान मी पत्रावरून करणार नाही, ते डॉक्टरांचं काम आहे; पण चित्र ओळखीचं आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या सुमाराला, डॉक्टरांनी याला शेलशॉक म्हटलं. आजचं नाव वैद्यकाच्या अधिकृत यादीत आलं १९८० मध्ये, व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांमुळं. आपल्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले, त्यांचं स्मारक तिथं आहे. गेलेल्यांची नावं दगडावर कोरली गेली. जे परत आले त्यांच्या रात्री कशा गेल्या हे कुणी कुठं लिहून ठेवलं नाही. माझी आजी तिच्या एका चुलत्याबद्दल सांगायची. तो इराकातल्या बसऱ्याच्या लढाईहून आला आणि पुढं कधी घरात झोपला नाही, खळ्यावर झोपायचा. बायका म्हणायच्या, बाहेरचं लागलंय. देवऋषी झाले, कोंबडी झाली, उतारे झाले. तो माणूस तसाच म्हातारा होऊन गेला. तुम्हाला तसे दिवस काढायची गरज नाही.

ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेलच. नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून आधी ते करा. योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन "झोप येत नाही" एवढ्यावर थांबू नका, नाहीतर झोपेची गोळी घेऊन परत याल. सरळ सांगा की रात्री तेच दिसतं, आवाजानं दचकतो, माणसं टाळतो, चटकन हात उठतो, मानसोपचार तज्ज्ञाकडं पाठवा. मरणाचा विचारही सांगा. हे एका कागदावर लिहून न्या. तिथं गेल्यावर "सब ठीक है साब" हे तोंडून आपोआप निघतं, चोवीस वर्षांची सवय आहे ती. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका आणि बरं वाटलं म्हणूनही स्वतःच्या मनानं बंद करू नका. गोळ्यांइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्वाचं आहे ते समुपदेशकाबरोबर बसून केलेलं काम. ज्या आठवणीपासून तुम्ही पळता तिच्याजवळ हळूहळू, ठरवून, सुरक्षित जागी जायचं. सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटतो. टिकून राहिलात तर सात-आठ पावलांवरचा तो क्षण आठवेल, पण तो तुम्हाला जमिनीवर पाडणार नाही.

रमबद्दल. दोन पेगनी डोळा लागतो हे खरं आहे. पण दारूची झोप पहाटे मोडते आणि उरलेल्या झोपेत स्वप्नं जास्त येतात. रोज घेत असाल तर एकदम तोडू नका, अंगाला कंप सुटतो, कधी झटकेही येतात. किती घेता ते डॉक्टरांना खरं सांगा, ते कमी कसं करायचं ते सांगतील. कँटीनचा कोटा घरात आणणं मात्र या महिन्यापासून थांबवा.

आता तुमचा प्रश्न. चूक कुणाची?

तुमच्या घरात दोन वेगळी प्रकरणं एकाच दाव्याला बांधली गेलीत. एक तुमचा आजार आणि दुसरा घराचा हिशेब. आण्णा आजाराचा वापर हिशेब टाळायला करतात. तुम्ही रानाचं विचारलं की ते डोक्याकडं बोट दाखवतात. झोप न येणाऱ्या माणसालाही सातबारा वाचता येतो, त्यामुळं त्यांचं हे वागणं मला पटत नाही. आणि तुम्ही, भाऊ, युद्धाचा वापर हिशेब जिंकायला करता. पाण्याच्या पाळीच्या भांडणात बर्फ आणला की समोरच्याला बोलायला जागाच राहत नाही. मग तो एकच गोष्ट करू शकतो, तुम्हाला वेडा ठरवणं. बर्फ खरा आहे. तो पाण्याच्या पाळीत आणू नका. आजार डॉक्टरकडं न्या आणि हिशेब वहीत उतरवा. घरात भांडायचंच असेल तर फक्त वहीवरून भांडा.

वहीचं कसं करायचं तेही सांगते. तुम्ही घरी पाठवलेल्या पैशांच्या बँकेतल्या नोंदी काढा. विहीर, पाइपलाइन, घर, रान यांना अंदाजे किती गेले ते आण्णांना विचारून लिहा. आणि पुढच्या पानावर, हे तुम्हाला जड जाईल, धाकट्यानं काय केलं ते लिहा. तुम्ही सीमेवर होता तेव्हा बैलांना वैरण कुणी घातली, रात्रीची लाइट आल्यावर मोटर कुणी चालू केली, आईला दवाखान्यात कुणी नेलं. या कष्टांची पगारपत्रकं नसतात, म्हणून ते वहीत पैशांच्या शेजारी यायला हवेत. ते पान रिकामं ठेवून तुम्ही हिशेबाला बसलात तर धाकटा पहिल्या पाच मिनिटांत उठून जाईल आणि मी त्याला नावं ठेवणार नाही.

कायद्याचं थोडक्यात. वडिलोपार्जित जमिनीत तुमचा जन्मानं वाटा आहे. सगळ्यांची संमती असेल तर महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांपुढं वाटप होतं, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. पगारातून घेतलेल्या आणि धाकट्याच्या नावावर खरेदीखत झालेल्या रानाचं मात्र वेगळं आहे. तिथं कागदावरचं नाव भारी पडतं, आणि स्वखुशीनं बापाला पाठवलेला पैसा परत मागणं अवघड असतं. त्यासाठी एकदा चांगल्या वकिलाला कागद दाखवा. मात्र नोटीस आत्ता पाठवू नका. झोप नसलेल्या माणसानं वाटणीचा निर्णय घेऊ नये. औषध लागू पडून रात्री शांत झोप यायला लागली की मग ठरवा. वेगळी चूल मांडायला माझी ना नाही, एका घरात दोन चुली सुखानं नांदलेल्या मी पाहिल्यात. तुमचं आज निघणं मात्र वेगळं होणं ठरणार नाही, ते रागानं निघून जाणं होईल.

आणखी एक कागद शोधून ठेवा, डिस्चार्जच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचा. आजार नोकरीत असतानाच सुरू झाला असेल तर डिसॅबिलिटी पेन्शनचा हक्क तपासता येतो. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढं नोकरीत निघाला आणि त्यामुळं माणसाला बाहेर पडावं लागलं, तर तो सेवेमुळंच झाला असं धरावं आणि तसं नसल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितलं आहे. तुम्ही मुदत संपवून आलात, त्यामुळं तुमचं प्रकरण तसंच्या तसं बसेल असं नाही. सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. वाद झालाच तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे.

आता आण्णांबद्दल. तुमच्या पत्रातला गिरणीचा परिच्छेद तुम्ही जाता जाता लिहिलात. मी तिथं सगळ्यात जास्त वेळ थांबले.

गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, त्यांत सातारा, कोल्हापूर आणि कोकणातली माणसं पुष्कळ. तो संप संपला असं कुणी कधी जाहीरच केलं नाही. माणसं वाट बघत राहिली. पुढच्या महिन्यात भोंगा होईल, मग दिवाळीनंतर होईल, असं करत गाळ्यातली भांडी विकून गावाला आली. तेव्हा तुमचे वडील तिशीच्या आत-बाहेर असतील, पाळण्यात तुम्ही. मुंबईहून दर महिन्याला मनीऑर्डर पाठवणारा, सणाला सगळ्यांसाठी कपडे आणणारा माणूस रिकाम्या हातानं आपल्या बापाच्या घरात परत आला. ते घर तोवर त्याच्याशिवाय चालायला शिकलं होतं. ते कोरडवाहू रानात कुणाच्या तरी हाताखाली राबले असतील, आणि "मुंबईला काय दिवे लावले" हे ऐकलं असेल. त्यांची मिरवणूक कुणी काढली नाही.

मग २००० साली तुम्ही भरती झालात. पक्की नोकरी, वर्दी, पेन्शन. कुणी टाळं लावून बंद करू शकत नाही अशी नोकरी. चोवीस वर्षं ताठ फिरलो असं ते म्हणाले ना? त्याआधी ते कसे फिरत होते, हे कधी विचारलंत? मिरवणुकीच्या दिवशी जीपवर तुमच्याइतकेच तेही उभे होते, असं मला वाटतं. म्हणून काही त्यांचं बोलणं बरोबर ठरत नाही. "मान खाली घालायला लावलीस" हे आजारी पोराला लागणारं वाक्य आहे आणि ते त्यांनी परत घ्यायला हवं. पण ते कुठून आलं ते तुम्हाला कळलं, तर रात्री ते जरा कमी टोचेल.

कुपवाड्याचं त्यांना सांगायचा अट्टहास करू नका. ते समजून घेतील ही अपेक्षा धरून सांगाल आणि ते टीव्हीचा आवाज वाढवतील, मग आणखी एक जखम. ते ऐकायला डॉक्टर आहेत, बायको आहे, पलटणीतले जुने सोबती आहेत. सोबत्यांना फोन करा, पण बाटली मध्ये न ठेवता. आण्णांना मात्र त्यांचं विचारा. गिरणी कुठली, पाळी कुठली, किती माग सांभाळायचे, खानावळ कुणाची होती. पहिल्या वेळी "कशाला उकरतोस" म्हणतील. सोडून द्या, पुन्हा कधीतरी विचारा. त्यानं तुमच्यातला तिढा सुटेल अशी खात्री मी देत नाही. पण त्या घरात परत येण्याचा अनुभव असलेला दुसरा माणूस तोच एक आहे.

आण्णा, आता तुम्हाला. भाऊंनी हे वाचून दाखवलं असेल तर दोन मिनिटं ऐका, आपण एकाच वयाचे आहोत. तुमच्या मुलाचं डोकं फिरलेलं नाही. गुडघ्यात गोळी लागली असती तर तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन पुण्याला गेला असता, हे मला ठाऊक आहे. ही लागलेली गोळी दिसत नाही एवढंच. दवाखान्यात पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर तुम्ही जा. आत येऊ नका, बाहेर बाकावर बसा. आणि येरवड्याचं नाव यापुढं घरात काढू नका. तुमची नात ते ऐकते. तिच्या हनुवटीवर आधीच एक व्रण आहे.

&nbsp;

ताई, मी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, चंदगड तालुक्यातला. मुलगा तोफखान्यात आहे. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तो पूंछकडं होता. आता सुट्टीवर आलाय. आधी यायचा तेव्हा कट्ट्यावर रात्री बारापर्यंत बसायचा. आता कट्ट्यावर जातच नाही. लोक "किती उडवले?" विचारतात, तो हसतो आणि उठून रानात जातो. मी काय बोलावं ते सुचत नाही. काही बोललो तर बिघडेल का?

— एक वडील, जि. कोल्हापूर

&nbsp;

भाऊ,

तुम्ही विचारलंत यातच निम्मं काम झालं. तुमच्या मुलाला आजार आहे असं मला यावरून मुळीच म्हणायचं नाही. ७ ते १० मे या दिवसांत पूंछवर जो मारा झाला, त्यात गावातली साधी माणसं, लेकरं गेली. तिथं असलेला जवान काही महिने गप्प होणं हे निरोगी मनालाही होतं. बहुतेकांचं आपोआप निवळतं. लक्ष फक्त एवढ्यावर ठेवा: झोप येते का, जेवतो का, दारू वाढली का, "माझं काय खरं नाही" असं काही बोलतो का. यातलं काही दिसलं तर परत गेल्यावर पलटणीतल्या डॉक्टरांना भेटायला सांगा. नोकरीत असताना वेळेवर सांगितलेलं बरं, दहा वर्षांनी घरात फुटण्यापेक्षा.

"किती उडवले" हा प्रश्न कट्ट्यावर तुम्हीच बंद करा. तुम्ही वडील आहात, तुम्ही बोललात तर लोक ऐकतील. "तो सुट्टीवर आलाय, कामाचं विचारू नका," एवढं पुरे. कंडक्टरनं अख्खी एसटी गप्प केलेली असते, कट्ट्याचं काय मोठं.

आणि तुम्ही त्याच्याशी काय बोलायचं? त्याला सोबत घेऊन काम करा. काजूच्या बागेला कुंपण घालायचं असेल, कौलं शेकारायची असतील, असं काहीही, ज्यात दोघांचे हात गुंतलेले असतील आणि एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागणार नाही. तो पलटणीतल्या लंगरच्या जेवणावर बोलला, रजेच्या भानगडीवर बोलला, तर तेवढंच ऐका. प्रत्येक वाक्यात पूंछ शोधू नका. कधी खरंच बोलायला लागला तर मध्ये "आमच्या वेळी" आणू नका, "देशासाठी केलंस" असंही लगेच म्हणू नका. त्या वाक्यानं बोलणं तिथंच संपतं, मी वॉर्डात हे फार वेळा पाहिलं आहे. "मग?" म्हणा आणि थांबा.

जाण्याआधी एक काम नक्की करा. तोफेवर त्याच्या शेजारी जो उभा असतो त्याचं नाव, गाव आणि घरचा फोन नंबर मागून घ्या. महिन्यातून एकदा त्याच्या वडिलांना फोन लावा. भाषा वेगळी असली तर मोडक्या हिंदीत बोला. तुमचा मुलगा तुम्हाला जे सांगणार नाही ते कदाचित त्यांचा मुलगा त्यांना सांगत असेल.